पाण्यातली प्रतिजैविके आणि खनिज माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यात प्रतिजैविके येतात तरी कुठून?

बरीचशी आपल्याच शरीरातून. घेतलेले प्रतिजैविक शरीरात पूर्णपणे मोडत नाही. औषधानुसार त्याचा साधारण ३० ते ९० टक्के भाग जसाच्या तसा किंवा जवळजवळ तशाच रूपात मलमूत्रातून बाहेर पडतो. जनावरांचे आणि कोंबड्यांचेही तेच, फक्त त्यांचे शेण-विष्ठा थेट शेतात जाते आणि पावसाबरोबर ओढ्याला लागते. मत्स्यशेतीत तर औषध खाद्यातून पाण्यातच पडते. रुग्णालयांचे सांडपाणी, नको झालेल्या गोळ्या शौचालयात टाकण्याची सवय आणि औषध कारखाने हे उरलेले स्रोत.

कारखान्यांची संख्या कमी, पण तिथली तीव्रता वेगळ्याच पातळीची असू शकते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूमध्ये औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही त्याचे इतके प्रमाण नसते, आणि तपासलेले पाणी प्रक्रिया करून सोडलेले होते.

एरवी तर प्रमाण अगदी नगण्य असते. मग एवढी काळजी कशाला?

नदीत सहसा लिटरमागे नॅनोग्रॅम ते थोडे मायक्रोग्रॅम एवढेच प्रतिजैविक असते. ते पाणी पिऊन कोणी औषधाने आजारी पडेल अशी भीती नाही. भीती जिवाणूंच्या बाजूने आहे. जिवाणू मारायला लागते त्याच्या कितीतरी पट कमी मात्रेतसुद्धा औषधाला दाद न देणारे जिवाणू बाकीच्यांवर मात करू लागतात, हे प्रयोगांत दिसले आहे. मरत कोणीच नाही, पण स्पर्धेत कोण पुढे जाणार ते बदलते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी अशा निवडीचा धोका टळेल अशी सुचवलेली मर्यादा लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे, टेट्रासायक्लिनसाठी १ मायक्रोग्रॅम. पाटणचेरूचा आकडा या मर्यादेशी ताडला तर तो जवळजवळ पाच लाख पट भरतो.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट झाल्याचा अंदाज आहे. यातला पाण्यातल्या प्रदूषणाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. औषधांचा बेसुमार वापर हेच मोठे कारण आहे, पाणी ही त्या साखळीतली एक कडी. तिला तेवढेच महत्त्व द्यावे.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हे सगळे निघून जात नाही का?

काही निघते, काही नाही. ही केंद्रे सेंद्रिय घाण, नायट्रोजन आणि गाळ काढण्यासाठी बांधली गेली, औषधांचा विचार त्यांच्या आराखड्यात नव्हता. गंमत अशी की टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे तिथे बरीच कमी होतात, पण ती मोडली म्हणून नव्हे, तर गाळाला चिकटली म्हणून. पुढे तो गाळ शेतात खत म्हणून गेला तर औषधही गेले. सल्फा गटातले सल्फामेथॉक्सॅझोल मात्र गाळाला फारसे चिकटत नाही आणि पाण्याबरोबर पुढे जाते.

चिकटण्या-न चिकटण्याचा हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो सारखा भेटणार आहे. सांडपाण्यात खनिज माती घालून प्रतिजैविक काढण्याची पद्धत याच चिकटण्यावर, म्हणजे अधिशोषणावर, उभी आहे.

अधिशोषण म्हणजे शोषणच ना?

नाही. स्पंज पाणी पितो ते शोषण: पाणी त्याच्या आत भरते. काचेवर धूळ बसते तसे एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू बसले की ते अधिशोषण. बसायला जागा हवी, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितके चांगले. जागा भरल्या की काम थांबते, आणि जे बसले ते परिस्थिती बदलताच उठूही शकते.

नैसर्गिक खनिजे म्हणजे नेमकी कोणती?

सर्वांत जास्त अभ्यास झालेले म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून हे नाव पडले. बेंटोनाइट नावाने बाजारात मिळणाऱ्या मातीचा मुख्य घटक तोच. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगून चिकट होणारी काळी माती पाहिली असेल, तर याच कुळातल्या खनिजांची करामत तुम्ही पाहिली आहे. मुलतानी मातीतही सहसा हीच किंवा यांची भावंडे असतात.

याशिवाय केओलिनाइट (चिनी मातीच्या भांड्यांची माती), व्हर्मिक्युलाइट, तंतूंसारखी रचना असलेले सेपिओलाइट आणि पॅलिगोर्स्काइट, सूक्ष्म नळ्यांच्या आकाराचे हॅलॉयसाइट, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेले क्लिनोप्टिलोलाइट हे झिओलाइट, डायटम शैवालांच्या सिलिका-कवचांचा डायटोमाइट आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे. यादी लांबवता येईल. पण प्रतिजैविकांच्या बाबतीत खरी चर्चा मॉन्टमोरिलोनाइटभोवतीच फिरते, आणि त्याला कारण आहे.

मातीच्या कणाला औषध चिकटते कसे?

मॉन्टमोरिलोनाइटचा कण म्हणजे पानांची चळत समजा. प्रत्येक पान जेमतेम एक नॅनोमीटर जाड. स्फटिक घडताना पानातल्या काही ॲल्युमिनिअमच्या जागी मॅग्नेशिअम बसते. ॲल्युमिनिअमवर तीन धनभार, मॅग्नेशिअमवर दोन, त्यामुळे हिशेबात तूट येते आणि पानावर कायमचा ऋणभार राहतो. ही तूट भरून काढायला दोन पानांच्या मध्ये सोडिअम किंवा कॅल्शिअमचे आयन येऊन बसतात. ते पानाचा भाग नसतात, भाडेकरू असतात. त्यांच्यापेक्षा घट्ट धरणारा दुसरा धन आयन आला की ते जागा सोडतात.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या रेणूच्या एका टोकाला अमाइन गट असतो आणि पाणी जरासे आम्लधर्मी असले की त्यावर धनभार येतो. तो रेणू पानांमध्ये शिरतो, सोडिअम-कॅल्शिअम बाहेर पडतात. हे नुसते चित्र नाही. जितके औषध आत गेले त्या प्रमाणात बाहेर आलेले आयन पाण्यात मोजता येतात, आणि पानांमधले अंतर वाढल्याचे क्ष-किरणांनी दिसते. कपाटात जाड पुस्तक कोंबल्यावर बाजूची पुस्तके सरकावीत तसे.

भाराची देवघेव हा मुख्य मार्ग, पण एकमेव नाही. टेट्रासायक्लिन धातूच्या आयनांना आपल्या ऑक्सिजन अणूंच्या चिमट्यात पकडते. म्हणूनच ते औषध दुधाबरोबर घेऊ नका असे सांगतात: दुधातले कॅल्शिअम त्याला पकडून ठेवते. मातीच्या कडांवर उघडे पडलेले ॲल्युमिनिअम आणि लोह नेमके हेच करतात. शिवाय हायड्रोजन बंध आहेत, आणि पाण्यात रमत नसलेल्या रेणूंची पाण्यातून निसटून पृष्ठभागाला टेकण्याची प्रवृत्ती आहे.

औषधशास्त्राला ही गोष्ट फार आधीपासून माहीत होती. जुलाबावर डायोस्मेक्टाइट नावाची शुद्ध केलेली माती औषध म्हणून देतात, आणि बाकीची औषधे तिच्यापासून एक-दोन तासांच्या अंतराने घ्यायला सांगतात. माती पोटातही औषधे धरते म्हणून. रुग्णाच्या दृष्टीने हा त्रास. सांडपाण्यात हाच गुण कामी येतो.

एक ग्रॅम मातीत किती औषध मावेल?

याचे उत्तर कागद-पेन्सिलने काढता येते, आणि मला हा हिशेब फार आवडतो, कारण शोधनिबंधांतले अवास्तव दावे त्याने लगेच उघडे पडतात.

मॉन्टमोरिलोनाइटची धन आयन बदलण्याची क्षमता १०० ग्रॅममागे साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (आयनांवरचा भार मोजण्याचे एकक) असते. १०० धरू. म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मिलिमोल (रेणू-आयनांची संख्या मोजण्याचे एकक) एकभारी आयनांची जागा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा रेणूभार सुमारे ३३१, म्हणजे त्याचे एक मिलिमोल ३३१ मिलिग्रॅम भरते. सगळ्या जागांवर तेच बसले, तर ग्रॅममागे ३३१ मिलिग्रॅम. प्रयोगांतही शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटवर याच्या आसपासचे आकडे मिळाले आहेत. केओलिनाइटची क्षमता १०० ग्रॅममागे ३ ते १५ एवढीच. ५ धरली तर त्याच हिशेबाने ग्रॅममागे फक्त १७ मिलिग्रॅम. दोन्ही चिकणमातीच, पण केओलिनाइटची पाने एकमेकांना घट्ट बांधलेली असतात, मध्ये शिरायला फट नसते.

तेव्हा "आम्ही चिकणमाती वापरली" एवढेच कोणी सांगितले तर पहिला प्रश्न हवा: कोणती?

झिओलाइट तर आयन बदलण्यासाठीच प्रसिद्ध आहे. मग तेच का नाही?

कारण दार लहान आहे. क्लिनोप्टिलोलाइटच्या आत सुरेख पोकळ्या आहेत, आयन बदलण्याची क्षमता भरपूर आहे, अमोनिया काढायला ते उत्तम. पण त्या पोकळ्यांची प्रवेशद्वारे नॅनोमीटरच्या निम्म्याच्या आसपास, आणि टेट्रासायक्लिनचा रेणू लांबीला एक नॅनोमीटरहून मोठा. तो आत जात नाही, बाहेरच्या पृष्ठभागावरच बसतो. पोकळ्यांमधली सगळी क्षमता वाया. झिओलाइटचा फायदा दुसरा आहे: ते दाणेदार असते, पाण्यात फुगत नाही, गाळणीच्या टाकीत सरळ भरता येते.

कोणती प्रतिजैविके चांगली धरली जातात आणि कोणती निसटतात?

टेट्रासायक्लिन गटातली औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन ही फ्लुओरोक्विनोलोन मंडळी चांगली धरली जातात. एरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन यांच्यावर नदीच्या पाण्यात धनभार असतो, त्यामुळे त्यांनाही वाव आहे, फक्त रेणू अवजड आहेत.

सल्फामेथॉक्सॅझोल निसटते. साध्या पाण्यात त्याच्यावर ऋणभार असतो आणि मातीवरही ऋणभारच, दोघे एकमेकांना दूर ढकलतात. नैसर्गिक माती वापरून सल्फा औषधे काढायला निघालेल्याने आधीच हात टेकावेत किंवा मातीत बदल करावेत.

पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन यांचा मामला निराळा. त्यांच्या रेणूतले बीटा-लॅक्टम नावाचे अणूंचे चौकोनी कडे पाण्यात आपणहून उघडते. म्हणून खप प्रचंड असूनही ती नद्यांत त्या मानाने क्वचित सापडतात. त्यांच्यासाठी मातीचा खटाटोप करण्यापूर्वी हे पाहावे.

सामूचा एवढा बाऊ का करतात?

सामू, म्हणजे पीएच, बदलला की औषधाच्या रेणूवरचा भार बदलतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या बाबतीत ६.१ आणि ८.७ हे दोन उंबरठे आहेत: पहिल्याच्या खाली रेणू धनभारी, दोहोंच्या मध्ये एकाच वेळी एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण, वरच्या बाजूला ऋणभारी. टेट्रासायक्लिनचे उंबरठे ३.३, ७.७ आणि ९.७. मातीवर सर्वांत चांगली पकड आम्लधर्मी ते उदासीन पाण्यात मिळते आणि ८-९ च्या पुढे ती ढासळते.

मेख अशी की बेंटोनाइट स्वतःच पाण्याचा सामू वर ढकलतो. प्रयोग ५ वर सुरू केला म्हणून तो ५ वरच संपला असे नाही. शेवटचा सामू न देणाऱ्या निबंधावर मी फारसा विसंबत नाही.

प्रयोगशाळेत ९५-९९ टक्के औषध निघते म्हणतात. मग ही पद्धत सगळीकडे का नाही?

कारण प्रयोगशाळेतले पाणी हे पाणीच असते, सांडपाणी नसते.

पहिली अडचण तीव्रतेची. प्रयोगांत सहसा लिटरमागे १० ते १०० मिलिग्रॅम औषध घालतात, कारण तेवढे असले तर ते साध्या उपकरणावर मोजता येते. नदीत त्याच्या हजारो ते कोटी पट कमी असते. मातीने किती औषध धरायचे हे पाण्यात किती उरले आहे त्यावर ठरते. पाण्यातली तीव्रता उतरली की मातीवरचा भरणाही उतरतो. ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम ही गच्च भरलेल्या गोदामाची गोष्ट आहे, आणि नदीच्या पाण्यात गोदाम कधीच भरत नाही.

तिथे उपयोगी पडतो तो वाटणी गुणांक: किलोभर मातीवर किती औषध आणि लिटरभर पाण्यात किती, यांचे गुणोत्तर. समजा तो किलोमागे १,००० लिटर आहे आणि आपण लिटरमागे एक ग्रॅम माती टाकली. मग निम्मे औषध मातीवर, निम्मे पाण्यात. गुणांक १०,००० असेल तर ९१ टक्के मातीवर. कमाल क्षमतेपेक्षा हा आकडा निबंधात ठळक दिसायला हवा, आणि बहुधा तोच नसतो.

दुसरी अडचण गर्दीची. सांडपाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम हे औषधाच्या हजारो पट असतात आणि त्याच जागांवर डोळा ठेवून असतात. कुजलेल्या पाला-मातीतून आलेली ह्युमिक द्रव्येही असतात. ती कधी जागा अडवतात, कधी औषधाला आपल्याशी बांधून पाण्यातच तरंगत ठेवतात, आणि कधी उलट मातीला औषधाशी जोडणारा पूल बनतात. कॅल्शिअमही टेट्रासायक्लिनच्या बाबतीत असा पूल होऊ शकते. म्हणून एका पाण्यावरचा निष्कर्ष दुसऱ्यावर जसाच्या तसा चढवता येत नाही.

तिसरी अडचण निव्वळ वजनाची. लिटरमागे एक ग्रॅम ऐकायला किती किरकोळ वाटते! दिवसाला १० लाख लिटर सांडपाणी असेल तर ती रोज एक टन माती झाली. कोरडी. पाणी पिऊन ती आणखी जड होते. हा चिखल रोज कुठेतरी न्यायचा आहे.

हे सगळे पाहता नैसर्गिक माती शोभते ती औषध दाट असते तिथे: कारखान्याच्या आवारात, रुग्णालयाच्या सांडपाण्याच्या वाटेवर, गोठ्या-कुक्कुटपालनाच्या निचऱ्यावर. नदीला माती घालून औषध काढण्याची कल्पना मला पटत नाही.

निबंधांत लँगम्यूर, फ्रॉइंडलिख अशी नावे येतात. ती समजून घ्यायलाच हवीत का?

ढोबळ कळले तरी पुरे. पाण्यात किती औषध असताना मातीवर किती बसते हे मांडायला वापरली जाणारी ही सूत्रे आहेत. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या सूत्रात पृष्ठभागावरच्या सगळ्या जागा सारख्या आणि प्रत्येक जागी एकच रेणू असे गृहीत आहे. ते सूत्र वायूंसाठी होते, आणि त्यांच्या प्रयोगांतल्या पृष्ठभागांत अभ्रक होते, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटचे चुलत भावंडच. फ्रॉइंडलिखच्या सूत्रात जागा कमी-अधिक ओढीच्या असतात. खऱ्या मातीचे वागणे बहुधा दुसऱ्याच्या जवळ जाते.

एक सावधगिरी: मोजलेले बिंदू एखाद्या सूत्राच्या रेषेवर छान बसले म्हणजे तीच यंत्रणा सिद्ध झाली असे नाही. असे निष्कर्ष सर्रास काढले जातात. रेषा जुळणे ही फार स्वस्त गोष्ट आहे.

ॲक्टिव्हेटेड कार्बन असताना माती कशाला?

प्रामाणिक उत्तर: पाण्यात शेकडो प्रकारची रसायने अल्प प्रमाणात असतील तर कार्बनच बरा. त्याचा पृष्ठभाग ग्रॅममागे ५०० ते १,५०० चौरस मीटर असतो आणि तो भाराबद्दल मातीइतका चोखंदळ नसतो. पण तो बनवायला कच्चा माल ७००-९०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. माती खणून, वाळवून, दळून वापरता येते. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन एवढेच लक्ष्य असेल, तर माती कार्बनच्या तोडीस तोड ठरू शकते. कार्बनच्या आधी माती ठेवून त्याचे आयुष्य वाढवणे हा मधला मार्गही आहे.

'सुधारित' माती म्हणजे काय सुधारलेले असते?

नेहमीचे प्रकार असे. आम्लाने धुऊन पृष्ठभाग मोकळा करणे. पानांमध्ये ॲल्युमिनिअम किंवा लोहाच्या ऑक्साइडचे खांब उभे करणे, म्हणजे फट कायम उघडी राहते. लांब शेपटीचे धनभारी साबणासारखे रेणू पृष्ठभागावर बसवणे, म्हणजे सल्फासारखी ऋणभारी औषधेही धरता येतात. मातीत लोहाचे चुंबकी कण मिसळणे, म्हणजे काम झाल्यावर चुंबकाने बाहेर काढता येते. अल्जिनेटसारख्या पदार्थात घोळवून तिचे मणी करणे.

प्रत्येक सुधारणेबरोबर खर्च वाढतो आणि 'स्वस्त, नैसर्गिक' हा मूळ मुद्दा पातळ होत जातो. शिवाय तो साबणी रेणू पाण्यात सुटला तर तो स्वतःच जलचरांना घातक आहे.

माती टाकीत ढवळायची की गाळणीत भरायची?

बेंटोनाइट असेल तर ढवळायची. गाळणीत भरला तर तो फुगतो आणि पाणी अडवून बसतो. कचरा-भरावाच्या तळाशी पाणी झिरपू नये म्हणून हाच बेंटोनाइट अंथरतात, यावरून समजा. ढवळल्यावर औषध बहुधा मिनिटांत ते काही तासांत धरले जाते, ती डोकेदुखी नाही. डोकेदुखी नंतरची आहे: कण इतके बारीक की निवळता निवळत नाहीत. तुरटी किंवा लोहाचे क्षार टाकून त्यांचे गठ्ठे करावे लागतात. गाळणीच हवी तर दाणे केलेली माती, वाळूत मिसळलेली माती किंवा झिओलाइट.

वापरलेल्या मातीचे काय करायचे?

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि बहुतेक निबंधांत तो शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत उरकलेला असतो.

अधिशोषणाने प्रतिजैविक नष्ट होत नाही. ते पाण्यातून उचलून मातीवर ठेवले जाते, तेही दाट करून. ही माती शेतात पसरली किंवा उघड्यावर टाकली तर पाऊस, क्षार, सामूतले बदल यांनी औषध पुन्हा सुटू शकते. सुटले नाही तरी धोका शून्य होत नाही: मातीला चिकटलेले टेट्रासायक्लिन जिवाणूंवर परिणाम करत राहते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे आपण जिवाणूंसाठी एक सराव-आखाडाच तयार केला.

धुऊन पुन्हा वापरता येईल का? आम्ल, अल्कली किंवा क्षारांच्या द्रावणाने बरेच औषध सुटते, पण मग हातात प्रतिजैविकाचे दाट द्रावण उरते आणि त्याची विल्हेवाट लावायचीच असते. शिवाय प्रत्येक धुलाईत मातीची पकड थोडी कमी होते. भाजून औषध जाळता येते. औषधे सेंद्रिय आहेत, ती जळतात. पण मॉन्टमोरिलोनाइट ६००-७०० अंशांच्या आसपास आपल्या रचनेतले हायड्रॉक्सिल गमावतो आणि पाने फुगण्याचा गुण त्याच्याही आधी जाऊ लागतो. भाजलेली माती पुन्हा तीच माती राहत नाही.

व्यवहारात बरा वाटणारा मार्ग म्हणजे ती एकदाच वापरायची आणि उच्च तापमानाच्या भट्टीत संपवायची: सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून किंवा ९०० अंशांच्या वर भाजल्या जाणाऱ्या विटांत. तिथे औषध टिकत नाही आणि माती उपयोगी पडते. सांडपाण्यातले जड धातूही त्याच मातीवर बसलेले असतात, त्यांची तपासणी मात्र आधी हवी. भट्टीत ते जळत नाहीत.

खनिज फक्त धरते की मोडूही शकते?

काही मोडतात. मँगनीज ऑक्साइडे, उदाहरणार्थ बर्नेसाइट, टेट्रासायक्लिन आणि फ्लुओरोक्विनोलोन यांचे ऑक्सिडीकरण करतात. लोहयुक्त मातीत हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेंटन अभिक्रियेने (लोह आणि पेरॉक्साइड मिळून तीव्र ऑक्सिडीकारक बनवतात) पृष्ठभागावर धरलेले औषध तिथेच तोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. वापरलेल्या मातीच्या प्रश्नाचे खरे उत्तर या दिशेला आहे असे मला वाटते. तुटलेल्या तुकड्यांत जिवाणू मारण्याची ताकद उरली आहे का, ते मात्र प्रत्येक वेळी तपासावे लागते.

औषधाबरोबर दाद न देणारे जिवाणू आणि त्यांची जनुकेही निघतात का?

यावर विसंबू नका. माती निवळताना काही जिवाणू गठ्ठ्यांत अडकून खाली बसतात, पण ते जिवंत असतात. जनुकांची गोष्ट अधिक वाकडी आहे. पाण्यात सुटे फिरणारे डीएनए चिकणमातीला चिकटते, आणि चिकटलेले डीएनए त्याला तोडणाऱ्या विकरांपासून बचावते. म्हणजे माती जनुके पुसून टाकण्याऐवजी जपूनही ठेवू शकते. निर्जंतुकीकरण ही वेगळी पायरी आहे, ती वगळता येत नाही.

घरी पिण्याच्या पाण्यात मुलतानी माती टाकली तर? की उकळले तर जाईल?

माती टाकू नका. बारीक कण बराच काळ तरंगतील, मातीतच शिसे-आर्सेनिकसारखे घटक असू शकतात, आणि पिण्याच्या पाण्यातले प्रतिजैविक हा घरगुती पातळीवर सोडवायचा प्रश्नच नाही. उकळल्याने जिवाणू मरतात. बहुतेक प्रतिजैविके थोड्या वेळाच्या उकळीने पुरती जात नाहीत. घरातून करता येण्यासारखे एवढेच: उरलेली औषधे शौचालयात न टाकणे आणि गरज नसताना ती न घेणे.

कायद्याने काही मर्यादा आहेत का?

हळूहळू येत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी पहिले मार्गदर्शन सप्टेंबर २०२४ मध्ये दिले. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक केंद्रांना सूक्ष्म प्रदूषके काढण्याची जादा पायरी बसवावी लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित निर्देशात मोठ्या केंद्रांना २०४५ पर्यंत टप्प्याटप्प्याने तशी पायरी बंधनकारक केली आहे आणि खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. त्यावर अर्थातच वाद चालू आहे. या जादा पायऱ्यांत सध्या ओझोन आणि कार्बन हेच प्रामुख्याने आहेत, माती नाही.

मला विद्यार्थी-प्रकल्प म्हणून हे करून पाहायचे आहे. काय सांभाळू?

माती न घातलेली एक बाटली नेहमी बरोबर चालवा. टेट्रासायक्लिन उजेडात आणि पाण्यात आपणहून मोडते. ती बाटली नसेल तर मोडलेले औषधही मातीच्या खात्यावर जमा होते. सगळ्या बाटल्यांना फॉइल गुंडाळा.

गाळणीचा कागदही औषध धरतो. औषधाचे नुसते द्रावण त्यातून गाळून किती कमी भरते ते आधी मोजा, किंवा गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज वापरा.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावणाने किती प्रकाश शोषला ते मोजणारे उपकरण) टेट्रासायक्लिन सुमारे ३५७ नॅनोमीटरवर आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुमारे २७६ वर मोजतात. २७६ च्या तरंगलांबीवर ह्युमिक द्रव्ये आणि न बसलेले मातीचे कण दोन्ही लुडबूड करतात. म्हणून फक्त मातीचे, औषध नसलेले पाणीही मोजून वजा करा. सामू सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा नोंदवा.

जमले तर एक संच शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात करा. आकडे बहुधा वेगळे येतील, आणि ते का वेगळे आले हे शोधताना प्रकल्पाचा खरा भाग सुरू होतो.

उरलेले द्रावण आणि वापरलेली माती बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवा, त्यावर औषधाचे नाव लिहा आणि प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.